डेमो खेळून गेम पारखायचा कसा? ‘फायनल फँटसी १६’चं उदाहरण

मोठा फँटसी गेम विकत घ्यायचा म्हणजे काही हजार रुपये जातात, शंभर-दीडशे जीबी जागा जाते आणि तो संपवायचा तर महिनाभराच्या संध्याकाळी जातात. कंपनीने फुकट डेमो दिलेला असताना तो न खेळता पैसे टाकणं मला अजिबात पटत नाही. मात्र डेमो नुसता खेळून संपवला तर त्याचा उपयोग अर्धाच होतो. डेमोत काय दाखवायचं हे विकणारा ठरवतो आणि साहजिकच आपला सगळ्यात देखणा भाग पुढे करतो. तो पाहून डोळे दिपतात आणि त्या भरात खरेदी होते. पारखायचं असतं ते वेगळंच: या दोन तासांतलं नेमकं काय पुढचे चाळीस तास आपल्या हातात राहणार आहे?

‘फायनल फँटसी १६’चा डेमो ही पारख शिकायला फार चांगला आहे. गेम बनवणाऱ्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने तो १२ जून २०२३ रोजी, पीएस५वर (प्लेस्टेशन ५वर) गेम यायच्या दहा दिवस आधी दिला. पीसीवर डेमो ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि गेम १७ सप्टेंबरला. डेमोचे दोन भाग आहेत. पहिला म्हणजे कथेची सुरुवात, साधारण दोन तासांची. ती पूर्ण केली की ‘आयकॉनिक चॅलेंज’ नावाचा दुसरा भाग उघडतो, त्यात गेममधला पुढचा एक टप्पा खेळायला मिळतो. पहिला भाग इतक्या नाट्यमय जागी संपतो की तिथेच डेमो बंद करावासा वाटतो. तसं करू नका, कारण खरी पारख दुसऱ्या भागात होते.

पायरी १: आधी मशीन तपासा

पीसीवाल्यांसाठी डेमोचा पहिला फायदा हाच. पूर्ण गेमसाठी १७० जीबी एसएसडी, १६ जीबी रॅम आणि किमान जीटीएक्स १०७० किंवा आरएक्स ५७०० ग्राफिक्स कार्ड लागतं असं कंपनी सांगते. पण हे ‘किमान’ म्हणजे ७२०पी, म्हणजे कमी बारकाव्याचं चित्र, आणि सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं. १०८०पीवर ६० फ्रेम हव्या असतील तर शिफारस थेट आरटीएक्स २०८० किंवा आरएक्स ६७०० एक्सटीची आहे.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही. पहिल्यांदा सुरू करताना शेडर (ग्राफिक्स कार्डाला चित्र रंगवायला लागणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतील तर ते पूर्ण होऊ द्या. फ्रेम मोजा, त्या कथेतल्या किल्ल्यात फिरताना आणि नंतर एखाद्या मोठ्या, आगीच्या लोळांनी भरलेल्या लढाईत. मेन्यूत किंवा मोकळ्या वाटेवर सगळंच छान चालतं. अडखळत असेल तर आधी सेटिंगमधलं डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र मोठं करून कार्डावरचा भार हलका करणारी सोय) चालू करा, मग सावल्यांचा दर्जा उतरवा. एवढं करूनही लढाईत चित्र अडकत असेल तर त्या मशीनपुरता निकाल लागला, पुढचं वाचायची गरज नाही.

पीएस५वर ‘फ्रेमरेट’ आणि ‘ग्राफिक्स’ असे दोन पर्याय मिळतात. दोन्ही लावून पाहा. माझी पसंती फ्रेमरेटला, कारण या गेममध्ये वार चुकवायची वेळ फार बारीक असते.

आणखी एक. अमेरिकेत या गेमला १७ वर्षांवरच्यांसाठीचं आणि युरोपात १८ वर्षांवरच्यांसाठीचं मानांकन आहे. रक्तपात भरपूर आहे, भाषा शिवराळ आहे. घरातली मुलं शेजारी बसून बघणार असतील तर ती झोपल्यावर डेमो लावा.

पायरी २: सुरुवातीचा प्रश्न नीट वाचून उत्तर द्या

खेळ सुरू करताना विचारलं जातं: कथेवर भर हवा की ॲक्शनवर? हा ‘सोपं की कठीण’ असा साधा प्रश्न नाही. कथेवर भर निवडलात तर क्लाइव्हच्या, म्हणजे गेमच्या नायकाच्या, बोटांत आधीपासूनच काही अंगठ्या घातलेल्या असतात. अशा एकूण पाच अंगठ्या आहेत. एक अंगठी शत्रूचा वार यायच्या क्षणी वेळ मंदावते. दुसरी वार आपोआप चुकवते. तिसरीमुळे एकच बटण दाबत राहिलं तरी क्लाइव्ह स्वतःहून एकापाठोपाठ एक डाव टाकतो. चौथी वेळेवर औषध देते आणि पाचवी टॉर्गल नावाच्या त्याच्या कुत्र्याला हुकूम सोडते.

या अंगठ्या म्हणजे कमीपणा मुळीच नाही. ज्यांची बोटं दुखतात, ज्यांनी कधी असे खेळ खेळलेले नाहीत किंवा ज्यांना फक्त गोष्ट हवी आहे, त्यांच्यासाठी हा या गेममधला सर्वांत शहाणा निर्णय आहे. असा गेम आईला किंवा आजोबांनाही खेळता येतो, ही मोठी गोष्ट आहे. पण डेमोत पारखायची आहे ती आपली आणि या लढाईची जोडी. म्हणून ॲक्शनवर भर निवडा आणि सुरुवात अंगठ्यांशिवाय करा. त्या पिशवीत असतातच, पुढे हव्या तेव्हा घालता येतात.

पीसीवर कीबोर्ड चालतो, पण शक्यतो कंट्रोलर घ्या. खाली बटणांची नावं पीएस५ची आहेत.

पायरी ३: मर्डॉकशी घाई न करता लढा

डेमो थेट लढायांच्या धामधुमीत सुरू होतो आणि मग तेरा वर्षं मागे, रोझारिया या छोट्या राज्याच्या राजवाड्यात जातो. क्लाइव्ह तिथे पंधरा वर्षांचा राजपुत्र आहे आणि सेनापती मर्डॉक त्याचा सराव घेतो. हा शिकवणीचा भाग म्हणून दोन मिनिटांत उरकला जातो. खरं तर अख्ख्या गेमचा गाभा इथेच हाताला लागतो.

चौकोन दाबला की तलवारीचा वार, त्रिकोण दाबला की ठिणगीसारखी जादू. आता असं करा: चौकोन दाबा आणि तलवार लागते न लागते तोच त्रिकोण. वेळ साधली तर वाराला जोडूनच आगीचा छोटा स्फोट होतो आणि क्लाइव्ह पुढच्या वाराला मोकळा असतो. उशीर झाला तर नुसतीच साधी ठिणगी सुटते आणि ओळीने चाललेले वार तुटतात. चौकोन-त्रिकोण, चौकोन-त्रिकोण, असे चारही वार जोडून येईपर्यंत करा. मग आर१ने वार चुकवायचा सराव. अगदी शेवटच्या क्षणी चुकवला तर काळ जरासा थबकतो आणि त्याच दमात उलटा वार करता येतो.

आता स्वतःला विचारा: हे पुन्हा करावंसं वाटतंय का? बटण दाबणं आणि पडद्यावर तलवार हलणं यांत अंतर जाणवतंय का? लढाईची रचना करणारे र्योता सुझुकी आधी कॅपकॉम या गेम कंपनीत होते आणि ‘डेव्हिल मे क्राय ५’ या ॲक्शन गेमवर त्यांनी काम केलेलं आहे. त्या मालिकेचा चटपटीतपणा इथे पहिल्या मिनिटापासून जाणवतो. तो तुम्हाला भावला तर अर्धी लढाई जिंकली. तो थकवणारा वाटला तर पुढची दृश्यं कितीही भव्य असोत, दहा तासांनंतर कंटाळा येणार हे धरून चाला.

पायरी ४: दलदलीतला मॉर्बोल

राजवाड्यातून क्लाइव्ह दोन शिपायांना घेऊन दलदलीत जातो. आधी गॉब्लिन भेटतात, शेवटी मॉर्बोल नावाचं शुंडांचं आणि दातांचं अजस्र झाड. इथे मोठ्या शत्रूच्या प्राणशक्तीच्या पट्टीखाली एक पिवळी पट्टी दिसते, तिच्याकडे लक्ष द्या. ती म्हणजे त्याची जिद्द. वार बसतील तशी ती घटते, अर्ध्यावर आली की शत्रू क्षणभर डगमगतो आणि रिकामी झाली की कोसळतो. कोसळलेल्या वेळात जितके वार बसतील तितकं नुकसान वाढत जातं, दीडपटीपर्यंत. गेममधल्या प्रत्येक मोठ्या शत्रूशी तुम्ही याच तालावर लढणार आहात: पट्टी रिकामी करा, मग तुटून पडा. शेवटपर्यंत हे बदलत नाही. मॉर्बोलशी लढताना हा ताल आवडला की नाही, हे कुठेतरी टिपून ठेवा.

पायरी ५: भव्य दृश्यांत हात किती चालतो ते बघा

‘आयकॉन’ म्हणजे या जगातले महाकाय देवतासदृश जीव आणि त्यांच्या झुंजी हा डेमोचा सगळ्यात गाजलेला भाग. फिनिक्स आणि इफ्रिट हे दोन आयकॉन समोरासमोर येतात तो प्रसंग खरोखर अंगावर काटा आणतो. तो मनसोक्त बघा. मात्र किती वेळ तुम्ही खेळत होता आणि किती वेळ नुसतं पाहत होता, याचा अंदाज घ्या. पहिल्या दोन तासांत पाहण्याचा वाटा मोठा आहे. पूर्ण गेममध्ये पुढे खेळण्याचा वाटा वाढतो, पण लांबलचक संवाद राहतातच. शिवाय अशा झुंजी मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीची मांडणी वेगळी, त्यामुळे त्यांच्यावरून रोजच्या खेळाचा अंदाज बांधता येत नाही.

राज्यांची आणि घराण्यांची नावं भराभर येतात आणि गोंधळ उडतो. दृश्य चालू असताना टचपॅड दाबून धरा: त्या क्षणी पडद्यावर असलेली माणसं, राज्यं, जागा यांची दोन-चार ओळींची माहिती समोर येते. ही सोय मला इतकी आवडली की प्रत्येक मोठ्या गेममध्ये ती असावी असं वाटतं. गरुड आणि शिवा ही आयकॉनची नावं ऐकून मराठी कान टवकारतील, तर एवढंच लक्षात ठेवा की शिवा ही इथे बर्फाची स्त्रीदेवता आहे आणि १९९० सालच्या तिसऱ्या भागापासून ती या मालिकेत आहे.

पायरी ६: आयकॉनिक चॅलेंज दोनदा खेळा

आता मुख्य काम. इथे क्लाइव्ह मोठा झालेला आहे, रात्रीच्या अंधारात एका किल्ल्यात शिरतो आहे आणि त्याच्याकडे फिनिक्सखेरीज गरुडासारख्या इतर आयकॉनच्या शक्तीही आहेत. एल२ने शक्ती बदलायची, आर२ धरून चौकोन किंवा त्रिकोणाने तिचा डाव टाकायचा, डाव पुन्हा तयार होईपर्यंत तलवारीवर भागवायचं. पहिल्या फेरीत सगळं एकदम अंगावर येतं आणि बोटं अडखळतात. ते साहजिक आहे, कारण पूर्ण गेममध्ये या शक्ती एकेक करून, अनेक तासांच्या अंतराने मिळतात.

पहिली फेरी फक्त ओळख करून घ्यायला खेळा. दुसऱ्या फेरीत एकच गोष्ट साधायचा प्रयत्न करा: मोठ्या शत्रूची पिवळी पट्टी अर्ध्यावर येऊन तो डगमगला की लगेच गरुडाचा पंजा टाका. हवेतून नखं येतात, त्याला पकडतात आणि क्लाइव्ह त्याला खेचून जमिनीवर आपटतो. मग त्याला उठायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तुम्ही तयार असलेले सगळे डाव त्याच्यावर ओतता. हे पहिल्यांदा जुळून येतं तेव्हा कळतं की आपण नुसती बटणं बडवत नाही, बेत आखून लढतो आहोत. दुसऱ्या फेरीत तुम्ही पहिलीपेक्षा चांगले लढलात आणि त्याचा आनंद झाला, तर गेम तुमच्यासाठी आहे. दोन्ही फेऱ्या सारख्याच वाटल्या तर एकदा अंगठ्या घालून बघा. तरीही मजा आली नाही, तर थांबलेलं बरं.

पायरी ७: मेन्यू उघडा आणि काय नाही ते बघा

हा ॲक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणवतो, म्हणून रोल-प्लेइंगचा, म्हणजे आपलं पात्र घडवण्याचा, भागही तपासा. शस्त्रांचं पान उघडा: तलवार, पट्टा, मनगटबंद आणि तीन दागिने, बस. त्यांचे आकडे वाढत जातात, पण खेळायची पद्धत त्यांनी बदलत नाही. आगीने बर्फाचा शत्रू लवकर मरेल वगैरे हिशेब इथे नाही. सोबती असतात, पण टॉर्गल सोडला तर त्यांना हुकूम देता येत नाहीत. माझं स्पष्ट मत असं की ॲक्शन म्हणून हा गेम अव्वल आहे आणि रोल-प्लेइंग म्हणून हलका. पात्राची बांधणी तासन्‌तास कोरत बसायला ज्यांना आवडतं, त्यांनी हे आधीच ओळखलेलं बरं. गावोगावची दुय्यम कामं पहिल्या भागात जवळपास दिसतच नाहीत. पूर्ण गेममध्ये ती भरपूर आहेत आणि सुरुवातीची बरीचशी निरस आहेत.

प्रत्येक डेमोला हीच मोजपट्टी जशीच्या तशी लावता येत नाही. २०१२ सालच्या ‘किंग्डम्स ऑफ अमालूर’ या फँटसी गेमच्या डेमोत सुरुवातीची गुहा संपली की मोकळं जग मिळायचं, पण घड्याळात ४५ मिनिटंच असायची. अशा डेमोत कथेमागे धावू नये. दोन-तीन प्रकारची शस्त्रं वापरावीत, रस्ता सोडून आडवाटेला जाऊन बघावं आणि तिथे सापडलेली वस्तू घ्यावीशी वाटते का ते तपासावं.

पायरी ८: घ्यायचं ठरलं तर

पहिल्या भागाचं सेव्ह (तुमच्या प्रगतीची साठवलेली नोंद) पूर्ण गेममध्ये चालतं, त्यामुळे ते दोन तास पुन्हा खेळावे लागत नाहीत. म्हणून डेमो काढून टाकताना सेव्ह पुसू नका. आयकॉनिक चॅलेंजमधलं काहीच पुढे जात नाही. पीएस५वरचं सेव्ह पीसीवर येत नाही, तेव्हा डेमो त्याच मशीनवर खेळा ज्यावर गेम घेणार आहात.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात. डेमोतला वेळ त्यात धरला जात नाही. म्हणजे डेमोचं सेव्ह पुढे चालवलंत तर हे दोन तास थेट पुढच्या कथेवर घालवता येतात. तेवढ्यात मशीन कसं चालतं तेही पुन्हा बघा आणि मुदत संपायच्या आत काय ते ठरवा.