ओळखी भरपूर, कामं मात्र येत नाहीत? नेटवर्किंगमधल्या या चुका टाळा

माणसं भेटत नाहीत, अशी तक्रार नाशिकच्या उद्योजकाला करता येणार नाही. सातपूर, अंबड, सिन्नरच्या वसाहती आहेत, निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांचे कार्यक्रम आहेत, डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरची प्रदर्शनं आहेत आणि आठवड्याला कुणाचं तरी लग्न आहेच. कार्डांनी ड्रॉवर भरतो, फोन मात्र येत नाही. बहुतेकांची गळती भेटीनंतरच्या दहा दिवसांत होते. पण काहींचं पहिल्या वाक्यातच बिनसतं.

‘आम्ही सगळी कामं करतो’

अंबडमध्ये ‘आमचं इंजिनिअरिंगचं वर्कशॉप आहे, सगळी जॉबवर्क करतो’ असं सांगणारे शेकड्याने आहेत. ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो, कारण तुम्हाला कोणत्या खणात ठेवायचं हे त्याला कळत नाही. शिवाय समोरचा स्वतः गिऱ्हाईक असतो असं क्वचितच होतं. तो तुमचं नाव दुसऱ्याला सांगणार असतो, म्हणून त्याला सांगता येईल इतकं नेमकं द्या. मशीन, माल, माप आणि संख्या:

‘अंबडला आमचं प्रेस शॉप आहे. ६३ टनांपर्यंतच्या पॉवर प्रेस आहेत, ०.८ ते ३ मिमी सीआरसीए पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो, महिन्याला पाच हजार नगांपासून पुढे. पॅनेल बनवणाऱ्या कंपन्यांशी ओळख हवी आहे.’

वीस सेकंदांत संपतं. शेवटचं वाक्य लोक संकोचाने गाळतात, आणि उपयोग नेमका त्याचाच असतो. सेवा देणाऱ्यांनाही हेच लागू. ‘जीएसटी, आयटीआर सगळं बघतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘द्राक्ष निर्यातदारांचे जीएसटी परतावे करतो’ म्हणणारा लक्षात राहतो. बाकीची कामं त्याच्याकडे येतातच.

प्रदर्शनात चुकीच्या माणसाला गाठणं

स्टॉलवरचा माणूस विकायला उभा असतो आणि आपणही त्याला विकायलाच जातो. दोघे एकमेकांना कॅटलॉग देतात, विषय संपतो. त्याला एवढंच विचारा: ‘तुमच्याकडे व्हेंडर डेव्हलपमेंट कोण बघतं?’ परचेसचं नाव घेऊन थांबू नका. मोठ्या कंपन्यांत चालू मालाचे दर आणि ऑर्डर परचेस बघतो. नवा सप्लायर आत येतो तो बहुधा व्हेंडर डेव्हलपमेंट किंवा सोर्सिंगच्या दारातून, आणि क्वालिटीवाले येऊन शॉप बघून गेल्यावरच. त्यामुळे जीएसटी, पॅन, उद्यम नोंदणी, कॅन्सल्ड चेक, मशीनची यादी आणि मोजमापाच्या साधनांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. ‘पाठवतो’ म्हणून आठवडाभर शोधाशोध करणाऱ्याची फाइल मागे पडते.

गर्दी दुपारनंतर वाढते. प्रदर्शन उघडल्यावरचा पहिला तास धरा.

कार्ड घेतलं आणि विसरलो

खरी गळती इथे. दोन दिवसांनी त्या कार्डावरचा चेहरा आठवत नाही. हॉलबाहेर पडण्याआधी कार्डाच्या मागे तीन गोष्टी लिहा: कुठे भेटले, त्यांना काय हवंय, आपण काय कबूल केलं. तुमचं स्वतःचं कार्डही मागून कोरं आणि पेन टेकेल असं छापा. चकचकीत लॅमिनेशनवर शाई धरत नाही.

त्याच संध्याकाळी नंबर सेव्ह करा: नाव, कंपनी, काम, ठिकाण. ‘पाटील’ नावाचे अकरा नंबर फोनमध्ये असतील तर एकही नाही असंच समजा. मग २४ तासांत एक मेसेज:

‘नमस्कार साहेब. काल प्रदर्शनात भेटलो, अंबडचं प्रेस शॉप. ३ मिमीच्या ब्रॅकेटसाठी दुसरा सप्लायर बघताय म्हणालात. आमची मशीन यादी सोबत जोडली आहे. ड्रॉइंग पाठवलंत तर दोन दिवसांत दर कळवतो.’

सोबत एक पानाची पीडीएफ, एक एमबीच्या आत, फाइलला कंपनीचं नाव. ‘प्रोफाइल फायनल न्यू २’ या नावाची चोवीस पानं कोणी उघडत नाही. उत्तर आलं नाही तर चौथ्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी शेवटचा मेसेज. त्यानंतर दोन-तीन महिने गप्प बसा आणि काही नवं असेल तरच पुन्हा लिहा: नवं मशीन, नवं प्रमाणपत्र. रोजची सुप्रभाताची फुलं पाठवलीत तर तुमचं चॅट म्यूट होतं. मग कामाचा मेसेजही तिथेच पडून राहतो.

व्हॉट्सॲपची एक खोच अनेकांना माहीत नसते. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो. ‘दोनशे जणांना पाठवलं, एकाचंही उत्तर नाही’ यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. म्हणून पहिल्या भेटीतच त्यांच्या फोनवर मिस्ड कॉल द्या आणि नंबर कोणत्या नावाने सेव्ह करायचा तेही सांगा.

न विचारता कुणाचं नाव वापरणं

‘अमुक साहेबांनी पाठवलंय’ असं म्हणून आत शिरलात की खातरजमेचा फोन तुम्ही खुर्चीत बसायच्या आत होतो. सातपूर ते अंबड अंतर आहेच किती! नाव वापरण्याआधी विचारा, आणि ओळख करून देणाऱ्याचं काम हलकं करा. त्याला जसाच्या तसा फॉरवर्ड करता येईल असा चार ओळींचा मेसेज तुम्हीच लिहून द्या. ‘भाऊ, जरा बोलून ठेवा ना’ ही विनंती राहून जाते, कारण काय बोलायचं हे त्याने ठरवायचं असतं.

भेट झाल्यावर, काम मिळो न मिळो, त्याला फोन करून काय झालं ते सांगा. बहुतेक जण हे करत नाहीत आणि दुसरी ओळख मागायला जातात. मिळालेलं काम उशिरा जाणार असेल तर तेही त्याला आधी कळवा. बोलणी त्यालाही खावी लागतात.

सभासद होऊन मागच्या रांगेत बसणं

संघटनेची वर्गणी भरली आणि वर्षातून एकदा जेवायला गेलो, याने ओळख वाढत नाही. एखादं छोटं काम मागून घ्या. नोंदणीचं टेबल उत्तम, कारण येणारा प्रत्येक माणूस आपलं नाव तुम्हालाच सांगतो. दर आठवड्याला सकाळी भेटणारे सशुल्क रेफरल गट असतात, तिथे आधी पाहुणा म्हणून दोनदा जा. वर्षाची फी, नाश्त्याचा खर्च आणि तुमचा प्रत्यक्ष नफा यांचा हिशेब मांडा. पैसे उलाढालीतून नाही, नफ्यातून वसूल व्हायला हवेत.

‘सर, जॉब असेल तर सांगा’

नव्या इंजिनिअरांची ही ठरलेली चूक. समोरच्याला यावर करण्यासारखं काही नसतं. लिंक्डइनवर आपल्या कॉलेजचं पान उघडा, माजी विद्यार्थ्यांच्या भागात नाशिक आणि कंपनी निवडा, दोन-चार वर्षं पुढे असलेल्यांना गाठा. मोठ्या पदावरचे साहेब नकोत. मोफत खात्यावर कनेक्शनच्या विनंतीसोबत जोडायच्या चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात, त्याही दोनशे अक्षरांच्या, म्हणून जपून वापरा. नोकरी मागू नका, पंधरा मिनिटं मागा: ‘दादा, क्वालिटीत रुजू होताना पीपीएपी (नव्या पार्टच्या मंजुरीची प्रक्रिया) किती विचारतात? फोनवर बोलू शकाल का?’

चुकीच्या वेळी गाठणं

महिनाअखेर डिस्पॅचची, मार्चअखेर सगळ्यांचीच. ११ आणि २० तारखेच्या आधी कर सल्लागाराला चहाला बोलावू नका, त्या जीएसटी विवरणपत्रांच्या तारखा आहेत. द्राक्षाची काढणी साधारण जानेवारी ते एप्रिल. तेव्हा निफाड-दिंडोरीच्या निर्यातदाराचे बॉक्स, पनेट (छोटे प्लॅस्टिकचे डबे), ग्रेप गार्ड (द्राक्षं टिकवणारे कागद) सगळं ठरलेलं असतं. पॅकेजिंगवाल्याने जुलै-ऑगस्टमध्ये, ऑक्टोबर छाटणीच्या आधी जावं. एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही, तीही विचारून घ्या.

आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी ‘वरपर्यंत ओळख’ शोधत फिरणाऱ्यांसाठी: सरकारी कामं निविदेने निघतात, त्या महाटेंडर्स पोर्टलवर दिसतात. ओळखीचा उपयोग त्यापुढे होतो. काम कुणाला मिळालं ते बघा आणि त्या ठेकेदाराच्या साइट इंजिनिअरला भेटा. बॅरिकेड, फॅब्रिकेशन, तात्पुरती शौचालयं, वायरिंग यांसाठी पोटठेकेदार तोच शोधत असतो.