कॉम्प्युटर रखडतोय? आधी लॅनची वायर काढून बघा

मालवण-वेंगुर्ल्याकडे खाऱ्या दमट हवेने लॅनच्या, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणाऱ्या वायरच्या, पिना गंजतात आणि बोल मात्र कॉम्प्युटरला लागतो. फॉरमॅट मारण्याआधी एवढं करा.

१. लॅनची वायर काढा, वायफायही बंद ठेवा. मशीन लगेच मोकळं झालं, तर गडबड बहुधा नेटवर्कच्या बाजूला आहे.
२. आधी दुसरी वायर लावा, मग स्विचचं (सगळ्या लॅन वायरी जिथे जोडतात तो डबा) पोर्ट, म्हणजे वायर लावायची खाच, बदला.
३. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहा. नेटवर्क कार्ड आणि स्विच गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) असूनही १०० एमबीपीएस दिसतंय? गिगाबिटला आठही तारा लागतात, त्यातली एखादी सुटली असणार. टोक कापून नवा प्लग क्रिंप करून (दाबून बसवून) घ्या. खर्च किरकोळ आहे.

गंजलेली पिन सॅंडपेपरने घासू नका, वरचा मुलामा निघून जातो.