अँटिबॉडीचं जनुक कागदी पट्ट्यांनी शिकवा

अँटिबॉडी म्हणजे रोगजंतूंना चिकटणारं प्रथिन. तिचं जनुक तुकडे जोडून कसं बनतं, हे विट्यात बारावीच्या पोरांना मी घोटीव कागदावर शिकवते. व्ही, डी, जे (जनुकाच्या तुकड्यांचे तीन प्रकार) अशा तीन रंगांच्या अनेक पट्ट्या कापून त्यांवर डीएनएची अक्षरं ए, टी, जी, सी लिहा. प्रत्येक रंगाची एकच उचला. पेशीत रॅग नावाची प्रथिनं डीएनए कापतात, तुटलेली टोकं पेशीची दुरुस्ती यंत्रणा जोडते.

पट्ट्या लगेच चिकटवू नका. आधी टोकाची दोन-तीन अक्षरं कात्रीनं उडवा, मग टीडीटी या टोकाला अक्षरं जोडणाऱ्या एन्झाइमच्या नावानं मधे कुठलीही चार लिहा. सगळ्यात जास्त विविधता या सांध्यातच, म्हणून इथं अजिबात घाई नको! सांध्यानं तीन-तीन अक्षरांची वाचनाची चौकट सरकली, तर ते जनुक बाद.

शेवटी एआयडी, म्हणजे डीएनएतलं अक्षर बदलणारं एन्झाइम: एखाद्या 'सी'चा 'यू' (एरवी डीएनएत नसणारं अक्षर) करा. दुरुस्ती चुकली की तिथं नवं अक्षर बसतं.