आजींचा स्मरणलेख लिहिताना
घराचा कारभार आणि शाळेचा वर्ग एकाच आवाजात सांभाळणाऱ्या आजींवर वर्षश्राद्धासाठी स्मरणलेख लिहायचा असेल, तर सुरुवात जन्मतारखेपासून न करता त्यांच्या गाण्याच्या वहीपासून करावी. बंदिशीतील कोमल स्वराखाली आडवी रेघ असेल, तर ती भातखंडे लिपी (गाण्याचे स्वर कागदावर लिहिण्याची एक पद्धत), आणि हलन्तासारखी तिरपी खूण असेल, तर पलुस्कर लिपी. त्यांचे गाण्याचे शिक्षण कोणत्या वळणाचे होते, हे एवढ्यावरूनही कळू लागते. त्यांच्या आवाजाची जुनी ६० मिनिटांची कॅसेट असेल, तर ती संगणकावर उतरवायला पूर्ण तास लागतो, तो आधीच राखून ठेवावा. माजी विद्यार्थ्यांना ‘बाई कशा होत्या’ असे विचारू नये, कारण उत्तर हमखास ‘प्रेमळ पण शिस्तप्रिय’ असेच येते. त्याऐवजी बाईंचा तास कोणत्या वाक्याने सुरू व्हायचा, हे विचारावे.