गाडीला चकाकी हवीय? वॅक्स घ्यायचं की सीलंट, आणि लावायचं कसं

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कुठल्याही कार ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन नुसतं 'पॉलिश द्या' म्हटलं ना, की काउंटरवर डब्या मांडायला सुरुवात होते, वॅक्स, लिक्विड वॅक्स, क्लीनर वॅक्स, सीलंट, सिरॅमिक स्प्रे, आणि दुकानदाराला विचाराल तर सगळंच 'एक नंबर'. आधीच सांगून टाकतो, चकाकीतला मोठा वाटा डबीचा नसतोच, डबी उघडायच्या आधी तुम्ही पेंट किती साफ आणि गुळगुळीत केलाय त्याचा असतो. डबी निवडायची ती गाडी दिवसभर कुठे उभी असते ते बघून, आणि हे सगळं वर्षातून किती वेळा करायची तुमची खरंच तयारी आहे ते बघून.

आधी डबीत काय आहे ते कळू द्या

वॅक्स म्हणजे बहुतेक वेळा कारनौबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताडाच्या जातीचं झाड उगवतं, त्याच्या पानांवरचं हे मेण, नैसर्गिक मेणांमधलं सगळ्यात कडक, वितळतं साधारण 82 ते 86 अंश सेल्सिअसला. शुद्ध कारनौबा दगडासारखं टणक असतं, ते हाताने पेंटवर पसरवताच येत नाही, त्यामुळे डबीत त्यात तेलं, सॉल्व्हंट आणि दुसरी मऊ मेणं मिसळलेली असतात. म्हणजे डबीवर '100 टक्के कारनौबा' लिहिलेलं असेल तर फार तर त्यातलं मेण कारनौबा आहे एवढंच समजा, अख्खी डबी नाही. आणि मिसळलेलं वॅक्स शुद्ध कारनौबाएवढी उष्णता सहन करत नाही. मे महिन्यात उघड्यावर उभ्या काळ्या गाडीच्या बोनेटवर हात ठेवून बघा, ठेववत नाही, तिथे वॅक्स किती दिवस टिकणार?

सीलंट म्हणजे कारखान्यात बनवलेलं पॉलिमर, त्यात बहुतेक सिलिकॉनच्या जातीची रसायनं असतात जी पेंटला चिकटून कडक थर धरतात. उन्हाला आणि पावसाला वॅक्सपेक्षा बरंच जास्त टिकतं. कंपन्या चार-सहा महिने म्हणतात, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला आपल्या पावसात त्याहून कमीच धरा. वॅक्स मात्र तशा गाडीवर महिना-दीड महिना टिकलं तरी खूप.

दिसण्यातला फरक? गडद रंगांवर, म्हणजे काळा, लाल, गडद निळा, तिथे वॅक्सने रंगाला थोडी खोली येते, ओलसर दिसतं. सीलंटची चकाकी जरा काचेसारखी कडक असते. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाडीवर हा फरक शोधून पण सापडत नाही, आणि मुंबईत बघाल तिथे पांढऱ्याच गाड्या, त्यामुळे पांढऱ्या गाडीला महागडं वॅक्स घेणं मला तरी पटत नाही.

क्लीनर वॅक्स हा वेगळाच प्रकार. त्यात बारीक घासणारे कण किंवा साफ करणारी रसायनं असतात, म्हणजे हलकं पॉलिश आणि वॅक्स एकातच. जुन्या, फिक्या पडलेल्या गाडीला एकदा ठीक आहे, पण आधी सीलंट लावलंय आणि वर क्लीनर वॅक्स चोळलंत तर खालचं सीलंटच निघून येणार. घेताना लेबल वाचा हो.

राहिलं ते 'टेफ्लॉन कोटिंग'. नवीन गाडी घेताना शोरूममध्ये हे गळ्यात मारायचा प्रयत्न हमखास होतो. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, ते वितळतं 327 अंशाच्या आसपास, तव्यावर बसवतात ते भट्टीत तापवून. गाडीवर कापडाने चोळून ते तसं बसायचं नाही. त्या नावाखाली जे लावतात ते साधारण सीलंटच्याच घरातलं, आणि ते तुम्ही स्वतः बऱ्याच कमी पैशात लावू शकता. सिरॅमिक कोटिंग मात्र खरी वेगळी चीज आहे, वर्ष-दोन वर्षं टिकते, पण त्याला पेंट आधी मशीनने नीट करावा लागतो आणि लावल्यावर गाडी कोरडी, बंद जागेत ठेवावी लागते, त्यामुळे सोसायटीच्या आवारात ते करायला जाऊ नका.

तुमची गाडी कुठे उभी असते?

स्टिल्ट किंवा पोडियमखाली सावलीत उभी राहत असेल, रंग गडद असेल आणि रविवारी सकाळी दोन तास गाडीशी खेळायला आवडत असेल, तर बिनधास्त वॅक्स घ्या. रस्त्यावर, झाडाखाली किंवा टेरेस पार्किंगला उभी असेल तर सीलंट, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. दोन्हीची हौस असेल तर आधी सीलंट, मग वर वॅक्स, उलटं कधीच नाही, कारण वॅक्सच्या तेलकट थरावर सीलंट धरत नाही. मध्ये सीलंटला रात्रभर तरी बसू द्या, बाटलीवर वेळ लिहिलेला असतो तो पाळा.

वरळी, दादर चौपाटी, वर्सोवा असे समुद्राजवळचे लोक विचारतात, खाऱ्या हवेला कुठलं चांगलं. खरं तर खारी हवा पेंटपेक्षा पत्र्याला जास्त त्रास देते, जिथे दगड लागून पेंट उडालाय तिथे गंज धरतो, आणि तो कुठलंच वॅक्स थांबवणार नाही. तिथे आधी टचअप करून घ्या, मग बाकीचं.

धुणं, आणि नुसतं धुणं नाही

सोसायटीत सकाळी पन्नास गाड्या एकाच बादलीत, एकाच कापडाने पुसल्या जातात, आणि ऊन पडल्यावर बोनेटवर जे गोल गोल जाळं दिसतं ना, ते बहुतेक तिथूनच येतं. वॅक्स करायच्या दिवशी तरी गाडी स्वतः धुवा. दोन बादल्या, एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी, मायक्रोफायबरचा मिट (धुवायचा हातमोजा) आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. वरून खाली या, टप आधी, दरवाज्यांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण रोजच्या धुण्याला नको, आधीचं वॅक्स त्याने उतरतं आणि काळं रबर कोरडं पडतं.

आता एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवा आणि धुतलेल्या, ओल्या बोनेटवरून बोटं हलकेच फिरवा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागत होतं तेच पिशवीतून रवा पसरल्यासारखं लागेल. हे सगळं पेंटमध्ये रुतून बसलेलं असतं, ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण, रेल्वेलाइनजवळची धूळ, बाजूच्या टॉवरच्या बांधकामाचं सिमेंट. धुऊन जात नाही. त्याला क्ले बार लागतो, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी. क्लेचा चपटा गोळा करायचा, पॅनलवर भरपूर लुब्रिकंट मारायचं (पाण्यात थोडा कार शाम्पू टाकला तरी चालतं), आणि जोर न लावता सरळ रेषेत मागेपुढे फिरवायचा. आधी खरखर आवाज येतो, हात अडखळतो, आणि मग एकदम सरकायला लागतो, तो भाग झाला. गोळा उलटून बघा, तपकिरी झालेला असेल. दुमडा आणि पुढे चला. खाली पडला तर फेकून द्या, पैशाकडे बघू नका, त्यात अडकलेली खडी अख्ख्या दरवाज्यावर रेघा ओढेल.

क्लेने आधीचं वॅक्स पण निघतं, तेव्हा क्ले करून गाडी तशीच सोडू नका.

गोल जाळं खूप असेल तर वॅक्सच्या आधी पॉलिश, पण इथे हात आखडता ठेवा. वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ, आणि प्रत्येक कंपाउंडिंगला (घासणाऱ्या पेस्टने पेंट घासण्याला) त्यातला थोडा जातो, तो परत येत नाही. दर सर्व्हिसिंगला 'रबिंग-पॉलिश' करून घेणारे लोक आहेत, ते गाडीचा पेंट हप्त्या-हप्त्याने विकतायत असंच म्हणावं लागेल. बॉडीशॉपमधून नुकतीच रंगवून आणली असेल तर त्या पॅनलला सीलंट-वॅक्स लगेच नको, पेंटमधलं सॉल्व्हंट अजून बाहेर पडत असतं, किती दिवस थांबायचं ते पेंटरलाच विचारा. मॅट पेंटवर तर हे काहीच लावू नका, ठिकठिकाणी चमकून डाग दिसतात.

आता लावणं

सावली हवी आणि पॅनल थंड हवं. सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी. नुकतीच चालवून आणलेली गाडी नको, बोनेट तासभर गरम राहतं.

फोमच्या ॲप्लिकेटरवर वॅक्स असेल तर बोटाच्या नखाएवढं, सीलंट असेल तर चार-पाच थेंब. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं जास्त लावलं की जास्त चमकेल, तसं होत नाही, जास्तीचं सगळं पुसूनच काढावं लागतं आणि हात मोडतात. अख्ख्या गाडीला लिक्विड सीलंट 30 मिलीच्या वर लागत असेल तर तुम्ही जाड लावताय. एका वेळी अर्धं बोनेट किंवा एक दरवाजा एवढंच घ्या, थर इतका पातळ की तिरकं बघितल्याशिवाय दिसू नये.

मग थांबायचं, पांढरट धूसर होऊ द्यायचं. किती मिनिटं ते घड्याळाला विचारू नका, बोटाला विचारा: एका कोपऱ्यात बोट फिरवा, मागचा भाग लख्ख निघाला तर पुसायला घ्या, फरफटत रेघ उमटली तर अजून ओलं आहे. मुंबईच्या दमट हवेत याला बाटलीवर लिहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, जुलैत तर लागतोच लागतो. काही सीलंट लावल्या-लावल्या पुसायची असतात, ती वाळू दिली तर काढताना रडवतात, म्हणून पुन्हा सांगतो, लेबल.

पुसायला 350-400 जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) मायक्रोफायबर, एका कापडाने मोठा भाग काढा, दुसऱ्या स्वच्छ कापडाने शेवटचा हात मारा. जुनं बनियन नको, त्याच्या शिवणीने ओरखडे येतात. काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात आणि निघता निघत नाहीत, आधीच मास्किंग टेप मारून टाका.

कधी करायचं

मे संपता संपता एकदा, पाऊस सुरू व्हायच्या आधी, आणि दुसऱ्यांदा दसऱ्याच्या आसपास. दसऱ्याला गाडीची पूजा होते, तेव्हा गाडी चकचकीत हवीच असते, फक्त बोनेटवर हळद-कुंकवाचा स्वस्तिक काढलात तर दुसऱ्या दिवशी ओल्या कापडाने भिजवून उचला, कोरडं खरवडू नका. वॅक्सवाल्यांनी मधेमधे अजून दोन-तीनदा करायचं, सीलंटवाल्यांना महिन्यातून एकदा धुतल्यावर स्प्रे सीलंटचा हात पुरतो.

थर शिल्लक आहे की नाही हे पाण्याने कळतं. धुताना मगभर पाणी टाका, गोल टपोरे थेंब उभे राहिले किंवा पाणी झटकन सरकून गेलं तर आहे, चपटं पसरून तसंच राहिलं तर गेला. पण आधी शाम्पूने धुऊन बघा, कधी कधी नुसत्या मळाने पण थेंब बसत नाहीत.

थेंबांचा एक त्रास पण आहे. पालिकेचं पाणी तलावांचं, मऊ, त्याचे डाग फार पडत नाहीत, पण टँकरच्या बोअरवेलच्या पाण्याने धुतलंत आणि थेंब उन्हात वाळले तर पांढऱ्या कड्या उरतात. धुतल्यावर लगेच पुसा. पडल्याच तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून कापडाने अर्धा मिनिट ठेवा, धुऊन टाका, आणि त्या जागी सीलंट परत लावा.

कबुतरांची शिट मात्र रविवारपर्यंत ठेवायची नाही, सीलंट असो की वॅक्स, उन्हात ती क्लिअर कोटपर्यंत पोचते. ओला टिश्यू पाच मिनिटं वर ठेवा, मऊ झाली की उचला, चोळू नका. रेन ट्रीखाली उभ्या गाडीवर किडीमुळे चिकट थर पडतो, त्याला पण हेच, फक्त पाणी कोमट घ्या.

कापडं वेगळी धुवा, घरच्या कपड्यांबरोबर नाही, आणि फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याने मायक्रोफायबर पाणीच शोषत नाही आणि पुढच्या वेळी काचेसारख्या बोनेटवर तेलकट रेघा काढत बसाल.