फूड प्रोसेसरमध्ये पोळ्यांची कणीक भिजवताना

फूड प्रोसेसरमध्ये पोळ्यांची कणीक भिजवताना चूक होते ती बहुधा पाण्याच्या बाबतीत. सगळे पाणी एकदम ओतले की पीठ पात्याच्या दांड्याला चिकटून बसते आणि मग वरून कोरडे पीठ भुरभुरत राहावे लागते. त्याऐवजी ३ वाट्या कणीक, मीठ आणि चमचाभर तेल भांड्यात घेऊन मळण्याचे बोथट पाते लावावे, यंत्र मंद गतीवर सुरू करावे आणि झाकणावरच्या नळीतून साधारण सव्वा वाटी पाणी बारीक धारेने सोडत जावे. आधी रव्यासारखा भुगा दिसतो, मग गुठळ्या एकमेकींना धरू लागतात, आणि गोळा भांड्याची कड सोडून फिरू लागला की लगेच यंत्र थांबवावे, कारण त्यापुढे कणीक तापून चिवट होते व पोळ्या वातड होतात. मोटारीचा आवाज घोगरा झाला, तर पीठ जास्त झाले आहे असे समजून निम्मे काढून घ्यावे. तयार गोळा तेलाच्या हाताने एकदा मळून अर्धा तास झाकून ठेवावा. दोन-चार पोळ्यांपुरत्या कणकेसाठी मात्र परातच बरी, कारण तेवढ्यासाठी भांडे, पाते आणि झाकण धुण्यातच अधिक वेळ जातो.