स्प्रिंगवाल्या एअर रायफलचा ग्रुप (छर्रे एका जागी पडणं) फाटत होता, शेवटी असा सुधरला

आमच्या पोरीचा सराव वावरातल्या गोठ्यामागंच चालते, १० मीटर, ४.५ मिमीचे छर्रे. आधी पाच छर्रे एकाच भोकात जायचे, मग एकाएकी दोन-दोन इंच इकडंतिकडं जायला लागले. नेम धराची साइट बदलली, छर्रे बदलले, काहीच फरक नाही. महिनाभर पोरगी स्वतःलेच दोष देत होती, त्याचं लय वाईट वाटलं.

दोष निघाला बॅरल (नळी) छर्रा भराले जिथून मोडते म्हणजे वाकते, त्या जोडावरच्या सीलमध्ये, म्हणजे हवा अडवणाऱ्या रिंगमध्ये.

पाहाची पद्धत अशी, बॅरल बंद करून जोडावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवाची अन टार्गेटवर एक छर्रा मारायचा, पट्टी उडाली म्हणजे हवा तिथून गळते. आमची तर चांगली फूटभर उडाली. रिकामी रायफल मात्र कधीच चालवू नका, पिस्टन आपटून खराब होते.

मग कॉक न करता (म्हणजे स्प्रिंग न चढवता) बॅरल मोडली, जुनं सील टाचणीनं काढलं, खाचा कोरड्या कपड्यानं पुसल्या, नवीन सील बसवलं. ते धातूच्या वर किंचित उठून दिसलं पाहिजे, खाली बसलं तर सीलखाली पातळ वॉशर टाका. तेल बिलकुल नाही, तेल आत गेलं की जळते, धूर निघते अन वेग कमीजास्त होते. त्यानंतर स्टॉकचे, म्हणजे खांद्याले लावाच्या दस्त्याचे, सगळे स्क्रू आवळले (दोन ढिले होते, स्प्रिंगच्या दणक्यानं होतातच), अन नायलॉनच्या दोरीनं कोरडी चिंधी छर्रा भरतो त्या बाजूनं तोंडाकडं ओढली, चिंधी साफ निघेस्तोवर.

पहिले वीसेक छर्रे इकडंतिकडं गेले, बॅरल साफ केल्यावर तसं होते. मग परत पाचही एका भोकात.